घरी केलेल्या रोबोट-हेल्मेटसाठी पिक्सेल एलईडी पट्टी : वापरानंतरचा अभिप्राय

कॉसप्लेसाठी, म्हणजे एखाद्या पात्राचा वेश करून मिरवण्यासाठी, रोबोटचे हेल्मेट घरी करायचे ठरवले, तेव्हा मी सर्वांत आधी फोम आणला, मग गोंद, मग रंग, आणि दिव्यांचा विचार अगदी शेवटी केला. त्या क्रमाची किंमत मला एक पूर्ण चेहरा कापून टाकून मोजावी लागली, कारण मी कापलेल्या खिडकीत दिव्यांच्या ओळी बसेचनात. म्हणून निष्कर्ष आधीच लिहिते. चेहऱ्यावर हलणारे डोळे, हसू किंवा अक्षरे दाखवायची असतील तर डब्ल्यूएस २८१२बी या प्रकारची पट्टी निःशंकपणे घ्यावी. मात्र ती हेल्मेटच्या आधी घ्यावी, टेबलावर पसरून मोजावी आणि मगच फोमला कटर लावावे.

दुकानात या पट्टीला ‘पिक्सेल एलईडी’ किंवा ‘ॲड्रेसेबल पट्टी’ म्हणतात. गणपतीच्या आराशीत रंग धावत जाणाऱ्या ज्या माळा अलीकडे दिसतात, त्यांतल्या बऱ्याच याच कुळातल्या असतात, त्यामुळे भाद्रपदाच्या आधी ती पेठेत सहज मिळते. मी ती पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून घेतली. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, ती शोधावी लागणार नाही. मला मीटरला सव्वातीनशे रुपये पडले आणि मी दोन मीटर घेतली. ऑनलाइन ती थोडी स्वस्त दिसते, पण दुकानात एक सोय असते: दुकानदार पट्टी टेस्टरला जोडून लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे चारही रंग समोर लावून दाखवतो. हा आग्रह प्रत्येकाने धरावा. मी घेतलेल्या पहिल्या तुकड्यात एका दिव्याचा निळा रंग लागतच नव्हता. ते तिथेच कळले आणि तुकडा तिथेच बदलून मिळाला.

या पट्टीवरचा प्रत्येक दिवा ५ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी घरात बसतो, आणि त्या घरात तीन रंगांच्या एलईडींबरोबर एक चिमुकली नियंत्रक चिपही असते. प्रत्येक दिव्यासाठी २४ बिटांचा संदेश लागतो, रंगामागे ८. पंगतीत द्रोणांची चळत पुढे सरकवताना प्रत्येक जण वरचा एक द्रोण स्वतःपुढे ठेवतो आणि उरलेली चळत शेजाऱ्याच्या हाती देतो, तसाच हा व्यवहार चालतो. पहिला दिवा पहिले २४ बिट स्वतःसाठी ठेवतो आणि बाकीचे पुढे ढकलतो. सेकंदाला ८ लाख बिट या वेगाने माझ्या ९६ दिव्यांचा संपूर्ण निरोप जेमतेम ३ मिलिसेकंदांत पोहोचतो, त्यामुळे पापणी मिटण्याची हालचालही डोळ्यांना सलग वाटते. याच रचनेत तिचा सर्वांत मोठा दोषही आहे. पंगतीत मधला एक माणूस उठून गेला तर त्याच्यापुढचे सगळे उपाशी राहतात, आणि इथेही एक सांधा तुटला की त्यापुढचा सगळा चेहरा काळा पडतो.

पट्टी मीटरला ३०, ६० किंवा १४४ दिवे अशा घनतांमध्ये मिळते. ३० दिव्यांच्या पट्टीत ठिपके इतके विरळ पडतात की डोळा डोळ्यासारखा दिसत नाही. १४४ ची पट्टी सुरेख दिसते, पण ती महाग आहे, फार तापते, आणि तिच्या दोन दिव्यांमधली सोल्डरिंगची, म्हणजे धातू वितळवून वायर जोडण्याची, जागा इतकी अरुंद असते की नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. ६० ची पट्टी मला योग्य वाटली. तिच्यात एका दिव्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर १६.७ मिलिमीटर भरते, आणि सगळे हेल्मेट याच आकड्यावर उभे राहते. १२ दिव्यांची एक ओळ बरोबर २० सेंटिमीटर होते. आडवे आणि उभे अंतर सारखे ठेवले तरच वर्तुळ वर्तुळासारखे दिसते, म्हणून ओळीही १६.७ मिलिमीटरवरच बसवाव्या लागतात. माझ्या पहिल्या चेहऱ्याची खिडकी १८ सेंटिमीटर रुंद होती. तिच्यात १० दिवे सैल पडत होते आणि ११ दिवे बसवताना कडा फाटत होत्या.

दुसऱ्या वेळी मी सात ओळींची जागा आखली आणि त्यांतली मधली, चौथी ओळ रिकामी ठेवली. वरच्या तीन ओळींत रोबोटचे डोळे आणि खालच्या तीन ओळींत तोंड, असे एकूण ७२ दिवे झाले. कानांच्या जागी डब्यांची दोन गोल झाकणे लावून त्यांच्या कडेभोवती प्रत्येकी १२ दिवे गुंडाळले. २० सेंटिमीटर परिघाला सुमारे ६.४ सेंटिमीटर व्यासाचे झाकण लागते आणि तसे झाकण स्वयंपाकघरात सापडले. रिकाम्या ओळीचे महत्त्व हेल्मेट घातल्यावर कळते. पट्टी १० मिलिमीटर रुंद असल्यामुळे दोन ओळींमध्ये साधारण साडेसहा मिलिमीटरची फट राहते, पण मधली ओळ गाळली की ठीक डोळ्यांसमोर २३ मिलिमीटरची सलग फट मिळते. त्या फटीतून मी गर्दीत चालू शकले, जिना उतरू शकले आणि समोरच्या माणसाचा चेहराही ओळखू शकले. बाजारात ८ बाय ३२ दिव्यांचे तयार लवचिक पॅनेलही मिळते आणि त्यामुळे सोल्डरिंगचे सगळे कष्ट वाचतात. मात्र ते सलग असल्यामुळे त्याच्यामागे बसलेल्या माणसाला काहीही दिसत नाही. छातीवरच्या पाटीसाठी ते उत्तम आहे, पण चेहऱ्यासाठी मी ते सुचवणार नाही.

पट्टी निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. काळ्या पायाची पट्टी मिळत असेल तर तीच घ्यावी, कारण धुरकट व्हायझरच्या, म्हणजे चेहऱ्यासमोरच्या आरपार दिसणाऱ्या पडद्याच्या, मागे पांढऱ्या पायाच्या ओळी दिवे बंद असतानाही पट्ट्यापट्ट्यांनी उठून दिसतात आणि सगळा भ्रम मोडतो. दुसरे असे की, वर सिलिकॉनचा थर असलेली जलरोधक पट्टी हेल्मेटसाठी घेऊ नये. प्रत्येक सांध्याला तो थर खरवडावा लागतो आणि सिलिकॉनला कोणताही गोंद धड धरत नाही.

सोल्डरिंगचा भाग मी जरा तपशिलात सांगते, कारण या पट्टीबद्दलच्या बहुतेक तक्रारी मुळात सोल्डरिंगच्या तक्रारी असतात. चेहऱ्यावरच्या सहा ओळी नागमोडी जोडायच्या म्हणजे पाच वळणे येतात, प्रत्येक वळणाला तीन वायरी लागतात आणि प्रत्येक वायरीला दोन टोके असतात, म्हणजे ३० टाके झाले. पट्टीवरच्या तांब्याच्या बिंदूंवर सोल्डरिंगची इस्त्री तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवली तर तो बिंदू पायासकट सोलून निघतो. त्यामुळे आधी बिंदूवर थोडे सोल्डर, मग वायरीच्या टोकावर थोडे सोल्डर, आणि शेवटी दोन्ही एकमेकांना टेकवून क्षणभर उष्णता, हा क्रम सोडू नये. पट्टीवर छोटे बाण छापलेले असतात आणि संदेश त्याच दिशेने जातो. दुकानातल्या काकांनी पुडी बांधता बांधता सांगितले होते, “ताई, बाण बघून जोडा बरं का. उलटं जोडलं तर एकसुद्धा दिवा लागायचा नाही, आणि मग लोक पट्टी खराब आहे म्हणून आमच्याशी भांडायला येतात.” नागमोडी मांडणीत दुसरी, चौथी आणि सहावी ओळ उलट्या दिशेने धावते. ते प्रोग्राममध्ये लक्षात घेतले नाही तर हसणारे तोंड तुकड्यातुकड्यांत विखुरलेले दिसते.

टाका नीट लागला तरी काम संपत नाही. फोमचे हेल्मेट घालताना आणि काढताना थोडे दबते, आणि तो ताण नेमका टाक्यांवर येतो. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, जाण्यापूर्वी मी घरी हेल्मेट पंधरा-वीस वेळा घातले होते आणि सगळे ठीक होते. तिथे पोहोचल्यावर मात्र डोळ्यांची शेवटची आणि तोंडाची पहिली ओळ यांमधली संदेशाची वायर टाक्याच्या अगदी मुळाशी तुटली आणि तोंड नाहीसे झाले, फक्त डोळे उरले. वायर टाक्यापाशी कडक होते आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच ती वाकून तुटते, हे मला तेव्हा समोर दिसले. घरी आल्यावर मी एकजीव तारेची वायर काढून अनेक बारीक तारांची सिलिकॉन वेष्टनाची मऊ वायर वापरली, प्रत्येक वळणाला ती अर्ध्या इंचाने सैल सोडली आणि टाक्यांवर ग्लू गनने थेंब टाकून वायर पट्टीलाच पक्की केली. त्यानंतर एकही सांधा सुटलेला नाही. मऊ वायरीला मीटरमागे दहा-पंधरा रुपये जास्त पडतात, पण तिथे काटकसर करू नये.

पट्टीच्या मागे जी चिकटपट्टी येते, तिच्यावर अजिबात विसंबू नये. फोमवर ती तासाभरात सुटते, आणि डोक्याच्या घामाची वाफ लागली की त्याहूनही लवकर. मी जुन्या प्लॅस्टिकच्या फाइलींच्या पुठ्ठ्यातून १० मिलिमीटर रुंदीच्या सहा काळ्या पट्ट्या कापल्या, त्यांवर दिवे बसवून दोन्ही टोकांना काळ्या दोऱ्याने बांधले आणि मग त्या पट्ट्या फोमच्या खाचांत सरकवल्या. यामुळे एखादी ओळ बिघडली तर तेवढीच बाहेर काढता येते. झटपट चिकटणारा गोंद मात्र व्हायझरच्या आसपास वापरू नये. त्याच्या वाफेने ॲक्रिलिकवर पांढरट धुके चढते आणि ते पुसून जात नाही.

विजेचा हिशेब भीतिदायक दिसतो, पण समजून घेतला तर सोपा आहे. पूर्ण तेजाने पांढरा लावलेला एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ९६ दिव्यांना पावणेसहा अँपिअर लागतील, आणि साधी पॉवर बँक दोन अँपिअरच्या आसपास थांबते. प्रत्यक्षात चेहऱ्यावर एका वेळी वीस-पंचवीस दिवेच लागतात, आणि तेही एकाच रंगात. शिवाय पूर्ण तेज माणसाच्या डोळ्यांना सहनच होत नाही. मी २५५ पैकी ६० एवढेच तेज ठेवले आणि ते हॉलच्या उजेडातही पुरले. ‘फास्टएलईडी’ या मोफत लायब्ररीत, म्हणजे प्रोग्रामसाठीच्या तयार कोडच्या संचात, एकूण प्रवाहावर मर्यादा घालण्याची सोय आहे. ती १५०० मिलिअँपिअरवर ठेवली की चुकून सगळे दिवे पांढरे झाले तरी लायब्ररी तेज आपोआप उतरवते. १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ५ व्होल्टला प्रत्यक्षात त्याच्या साठ-पासष्ट टक्केच देते. तरीही पाच तासांच्या वापरानंतर माझ्या पॉवर बँकेच्या चारपैकी दोन खुणा उजळलेल्या होत्या. पॉवर बँक कमरेच्या पिशवीत ठेवावी, डोक्यात कधीही ठेवू नये. वजन हे एक कारण, पण खरे कारण असे की लिथियमची बॅटरी तापली तर ती चेहऱ्यापाशी नसावी. मानेपाशी सहज सुटणारा जोड ठेवला की हेल्मेट एका झटक्यात काढता येते.

एका गोष्टीने मला दोन संध्याकाळी छळले, म्हणून तिची नोंद करते. पहिली ओळ जोडून पाहताना दिवे अर्ध्या मिनिटाने आपोआप विझत होते आणि मी पुन्हा पुन्हा टाके तपासत होते. दोष टाक्यांचा नव्हता. अनेक पॉवर बँका फार कमी प्रवाह दिसला की फोन चार्ज झाला असे समजून बंद होतात. आर्डुइनो नॅनो ही दिव्यांना संदेश देणारी छोटी पाटी आणि बारा मिणमिणते दिवे मिळून तेवढा प्रवाह घेतच नव्हते. सगळे ९६ दिवे जोडल्यावर ही अडचण नाहीशी झाली, कारण या जातीचा दिवा काळा असतानाही त्याच्यातली चिप सुमारे १ मिलिअँपिअर घेत राहते. तेव्हा चाचणी फोनच्या चार्जरवर करावी आणि नसत्या शंका टाळाव्यात.

नियंत्रणासाठी आर्डुइनो नॅनो पुरेसा आहे. त्याची स्मृती २ किलोबाइटच आहे, पण प्रत्येक दिव्याला ३ बाइट धरले तर ९६ दिव्यांना २८८ बाइट लागतात. वायफाय असलेली ईएसपी ३२ पाटी जास्त ताकदीची असली तरी तिचा संदेश ३.३ व्होल्टचा असतो आणि ५ व्होल्टवर चालणारी ही पट्टी कागदोपत्री किमान ३.५ व्होल्ट मागते. काही पट्ट्या तरीही चालतात आणि काही मधूनच भलतेच रंग दाखवतात. नॅनोचा संदेश ५ व्होल्टचा असल्यामुळे तो प्रश्नच येत नाही. पट्टीची वीज मात्र नॅनोच्या पाटीतून नेऊ नये, ती पॉवर बँकेच्या केबलमधून सरळ द्यावी आणि दोघांचे ऋण टोक एकत्र जोडावे. संदेशाच्या वायरीत साधारण ४७० ओहमचा रेझिस्टर आणि विजेच्या दोन टोकांमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा. हे दोन्ही मिळून वीस रुपयांच्या आत येतात आणि पहिल्या दिव्याचा जीव वाचवतात.

आता व्हायझरविषयी. साइनबोर्ड करणाऱ्यांकडे धुरकट ॲक्रिलिकचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. २ मिलिमीटर जाडीचा तुकडा हीट गनने हळूहळू तापवून मी मोठ्या डब्यावर वळवला. तो दिव्यांपासून जवळ, बोटभर अंतरावर ठेवला तर ठिपके स्पष्ट दिसतात आणि जुन्या काळच्या यंत्रासारखा चेहरा होतो. प्रकाश एकसंध हवा असेल तर मध्ये बटर पेपर घालून अंतर दीड-दोन सेंटिमीटर करावे लागते, पण मग फटीतून दिसणे कमी होते. मी ठिपके निवडले. व्हायझरच्या आतल्या बाजूवरून परतणारा प्रकाश थेट डोळ्यांत येतो, म्हणून पाहण्याच्या फटीच्या वर आणि खाली काळ्या फोमच्या भुवया लावाव्यात. त्याने पडलेला फरक मला इतर कोणत्याही सुधारणेपेक्षा जास्त जाणवला.

हेल्मेटचा सांगाडा ५ आणि १० मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमचा आहे. १० मिलिमीटरसाठी मुलांच्या खोलीत अंथरतात त्या जोडमॅटही चालतात. सांध्यांना दोन्ही बाजूंनी कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह लावून, हाताला चिकटेनासे होईपर्यंत वाळू देऊन मगच दाबावे, आणि हे काम गॅलरीतच करावे. अस्तर माझ्या आईने जुन्या सुती साडीचे शिवून दिले आणि ते सुटे ठेवल्यामुळे धुता येते. मानेमागे ४० मिलिमीटरचा ५ व्होल्टचा पंखा याच विजेवर लावला आहे. मुंबईच्या दमट हवेत त्याच्याशिवाय हे हेल्मेट वीस मिनिटेसुद्धा घालता आले नसते.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक सूचना. ही पट्टी मंद प्रकाश देण्यासाठी सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्यात चेहऱ्यावर काळे पट्टे उमटतात. शटर १/६० सेकंदावर किंवा त्याहून सावकाश ठेवले तर ते बरेचसे जातात. व्हिडिओत मात्र ते पूर्णपणे घालवणे मला जमलेले नाही, आणि ज्यांना मुख्यतः व्हिडिओच करायचा आहे त्यांनी हा दोष आधीच लक्षात घ्यावा.

साधी १२ व्होल्टची एकरंगी पट्टी याच्या निम्म्या किमतीत येते आणि फक्त चमकणारी कडा हवी असेल तर तीच घ्यावी. ईएल वायर, म्हणजे विजेने लांबीभर चमकणारी बारीक तार, दिसायला नाजूक असते, पण तिला उच्च दाबाचा इन्व्हर्टर लागतो आणि त्याची बारीक शिटी हेल्मेटच्या आत कानापाशी सतत ऐकू येते. माझा एकूण खर्च पट्टी, नॅनो, फोम, ॲक्रिलिक, गोंद आणि रंग धरून अडीच हजारांच्या आसपास गेला. पॉवर बँक घरचीच होती.

दोन मीटरपैकी १.६ मीटर हेल्मेटमध्ये लागली आणि ४० सेंटिमीटरचा तुकडा मी जपून ठेवला. तो गेल्या आठवड्यात कामी आला. डाव्या कानातला चौथा दिवा हिरवाच राहू लागला आणि त्याच्यापुढचे आठ दिवे विझले. बिघडलेला दिवा दोन्ही बाजूंच्या खुणांवर कापून काढला, उरलेल्या तुकड्यातला एक दिवा बाण पाहून तिथे बसवला आणि सहा टाके दिले. हे सगळे अर्ध्या तासात झाले आणि कान पुन्हा पूर्ण वर्तुळात फिरू लागला.